जबाबातली दुरुस्ती

मंगळवारी दुपारी मी कुठे होते हे मला नंतर तीन वेगवेगळ्या ठिकाणी सांगावं लागलं, म्हणून ते पक्कं लक्षात आहे. मी कामावर होते. आमच्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनतात. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येतात, आम्ही त्यांवरून प्लास्टरचे साचे ओततो आणि मेणात एकेक दात बसवत जातो. त्या दुपारी माझ्यासमोर एका निवृत्त शिक्षिकेचा वरचा जबडा होता. तो तिसऱ्यांदा परत आला होता, त्यामुळे मी स्वतःच दात-ओठ खात बसले होते.

गाडी माझ्या नावावर, विमाही माझ्या नावावर. पण चालवायचे अण्णा, माझे वडील. मला लॅबमध्ये पायी जायला पाच मिनिटं लागतात. गाडीची गरज त्यांनाच होती. आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून ती शुश्रूषा केंद्रात होती आणि ते केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सरळ बस नाही. अण्णा रोज जेवून, अर्धा तास पडून, तीनच्या सुमाराला निघायचे. तिच्याशी गप्पा मारायचे, म्हणजे एकटेच बोलायचे, मग तिला संध्याकाळचं जेवण भरवायचे आणि सातपर्यंत घरी. सात महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता.

त्या दिवशी ते आले तेव्हा मी दारातच होते. गाडीचा पुढचा डावा कोपरा आत गेला होता आणि दिव्याची काच तडकली होती.

"हे काय झालं?"

"केंद्राच्या फाटकाचा खांब," ते म्हणाले. "वळताना घासला."

बूट काढता काढता म्हणाले, खाली बघून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बूट काढताना माणूस खालीच बघतो. शिवाय अण्णा खोटं बोलतील हे डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दर तपासणीनंतर वहीत काय केलं, काय राहिलं, सगळं लिहून खाली सही. एकदा एका मोठ्या इमारतीच्या मालकाने, तार जरा झिजली असली तरी सही करा म्हणून गळ घातली, तर हे लिफ्टला कुलूप लावून किल्ली खिशात घालून घरी आले. त्या इमारतीतली माणसं दोन दिवस जिना चढत होती आणि अण्णांच्या नावाने बोटं मोडत होती. आम्ही भावंडं ही गोष्ट ऐकत मोठे झालो.

बुधवारी सकाळी मी विमा कंपनीला फोन लावला. अपघात किरकोळ असला तरी ठरलेल्या मुदतीत कळवायचं, असं विम्याच्या कागदात असतं. ते कुणी वाचत नाही, पण मी वाचते. पलीकडच्या बाईने एकेक प्रश्न विचारला. कधी झालं, कुठे झालं, गाडी कोण चालवत होतं, दुसरं वाहन होतं का.

"कुणाला लागलं?"

"खांबालाच लागलं असेल तर," मी म्हणाले.

ती हसली नाही. "म्हणजे नाही असं लिहू?"

"हो, नाही."

मग तिने सगळा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, ही माहिती तुमच्या समजुतीप्रमाणे खरी आहे ना? मी हो म्हणाले. तेवढ्यावर माझी सही झाल्यासारखीच होती.

शुक्रवारी दुपारी कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये येणार होता. नुकसान किती आणि कशाने झालं हे बघून अहवाल पाठवायचा, हे त्याचं काम. मी लॅबमधून तासाभराची सुट्टी काढून गेले. माणूस पन्नाशीचा, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेला. बोलणं कमी. त्याने आधी लांबून गाडी पाहिली, मग जवळून, मग गुडघ्यावर बसून. टेप काढून जमिनीपासून ओरखड्यापर्यंतची उंची मोजली. बोट फिरवून पाहिलं आणि बोटाला आलेलं काळं रुमालाला पुसलं.

"खांब कशाचा आहे?" त्याने विचारलं.

"लोखंडी असेल. मी पाहिला नाही."

"मी पाहिला. येताना त्याच वाटेने आलो." त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. पांढऱ्या रंगाचा, कमरेएवढा खांब. त्यावर कुठेही ओरखडा नव्हता आणि तो रंग आमच्या गाडीवर कुठेही नव्हता.

मग त्याने तडकलेल्या दिव्याच्या फटीत दोन बोटं घालून काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नारिंगी प्लास्टिकचा तुकडा, नखाएवढा. सायकलच्या पेडलला किंवा चाकाला चमकण्यासाठी लावतात तसला.

"आणि हे काळं रबर आहे," तो म्हणाला. "खांबाला टायर नसतो, ताई."

मी तो तुकडा मुठीत धरला. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"गाडी तुम्ही चालवत नव्हता."

"नाही. माझे वडील."

"त्यांनी सांगितलं ते तुम्ही कळवलंत. असं होतं." त्याने कागद आवरले. "माझा अहवाल आज संध्याकाळी पाचला जातो. त्यात मला जे दिसलं ते जाणार, ते मी बदलू शकत नाही. पण त्याच्या आधी तुम्ही स्वतःहून कंपनीला फोन करून जबाब दुरुस्त केलात, तर ती दुरुस्ती धरली जाते. पाचनंतर केलात तर तिला दुसरं नाव असतं. आणि कुणी माणूस असेल यात, तर आधी पोलीस. कंपनी नंतर."

एवढं बोलून तो गेला. मी लॅबमध्ये फोन करून सांगितलं की आज येत नाही.

अण्णा स्वयंपाकघरात होते. आईसाठी फळं कापत होते, बारीक बारीक फोडी, तिला गिळायला जमतील अशा. मी तो नारिंगी तुकडा ओट्यावर ठेवला. काही विचारलं नाही. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली, नळाखाली हात धुतले, पुसले आणि खुर्चीवर बसले. हे सगळं सावकाश.

"एक बाई होती," ते म्हणाले. "सायकलवर."

त्यांनी सांगितलं ते असं. केंद्राच्या अलीकडच्या चौकात ते डावीकडे वळत होते. धक्का बसला. थांबून उतरले तर एक बाई रस्त्यावर बसलेली, सायकल आडवी. ते तिला उठवायला गेले, तर ती स्वतःच उठली. काही नाही झालं, काही नाही झालं, असं दोनतीनदा म्हणाली. मला उशीर होतोय म्हणाली. अण्णांनी सायकल उचलून दिली, वाकडं झालेलं हँडल दोन पायांत चाक धरून सरळ करून दिलं. ती सायकल हातात धरून निघून गेली. नाव नाही, नंबर नाही.

"ती म्हणाली ना, काही नाही झालं," अण्णा म्हणाले.

"मग मला खांब का सांगितलात?"

ते म्हणाले, "पोलिसांकडे गेलं की वय विचारतात. वय सांगितलं की तपासण्या. एकदा का लायसन्स गेलं की तुझ्या आईकडे मी कसा जाणार आहे, सांग."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्या अर्धवट कापलेल्या फळांकडे बघवतही नव्हतं. दोन्ही एकदम.

मी दादाला फोन केला. दादा माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात राहतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "तू चालवत होतीस असं सांग ना. गाडी तुझी, विमा तुझा. तुझं लायसन्स काही जाणार नाही."

"दादा, मी त्या वेळी लॅबमध्ये होते. चार माणसांसमोर."

"ती चार माणसं काय पोलिसांत जाणार आहेत?"

"आणि ती बाई? तिने चालवणाऱ्याला बघितलंय. टक्कल पडलेला म्हातारा मी कुठून आणू?"

दादा हसला, पण लगेच गंभीर झाला. "अगं, मी वाईट म्हणून नाही सांगत. आईकडे रोज कोण जाईल? तुला जमणारे? मला तर इथून जमणार नाही."

"माहीत नाही. पण आधी हे."

फोन स्पीकरवर नव्हता, पण घर लहान आहे. मी वळले तर अण्णा बूट घालत होते.

"दादाला म्हणावं गप्प बस," ते म्हणाले. "चल."

ठाण्यात टेबलामागे एक पोलीसबाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी छापील फॉर्म पुढे ओढला.

"अपघात कधीचा?"

"मंगळवारचा," अण्णा म्हणाले.

"आज शुक्रवार. माणसाला धक्का लागला तर चोवीस तासांत खबर द्यायची असते, काका."

"हो."

"जखमीचं नाव?"

"माहीत नाही."

"कुठे लागलं?"

"ती म्हणाली, काही नाही लागलं."

बाईंनी पेन थांबवलं. "मग जखमी कशावरून?"

"चालताना हात पोटाशी धरला होता तिने," अण्णा म्हणाले. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

बाईंनी ते लिहून घेतलं. "तुम्ही थांबलात?"

"थांबलो. उतरलो. सायकल उचलून दिली."

"तुमचं नाव, नंबर दिलात?"

"तिने मागितला नाही."

"मागितला नाही ते तिचं झालं. तुम्ही दिलात का?"

"नाही दिला."

"ती तुम्हाला कधी दिसली? वळायच्या आधी, वळताना?"

अण्णांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. लिफ्टच्या ग्रीसने काळी झालेली त्यांची नखं निवृत्तीनंतर दहा वर्षांनीही पुरती स्वच्छ झालेली नाहीत.

"आवाज झाल्यावर," ते म्हणाले.

"म्हणजे आधी दिसलीच नाही?"

"नाही. भर उन्हाची वेळ, रस्ता मोकळा. दिसायला हवी होती. दिसली नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला वाटत होतं की त्यांनी लपवलं ते धक्का लागल्याचं. त्यांनी खरं लपवलं होतं ते हे. तीन दिवस ते मनाशी एवढंच घोकत असणार की उजेडात, मोकळ्या रस्त्यावर, एक अख्खी बाई सायकलसकट आपल्याला दिसली नाही. आणि तरी बुधवारी आणि गुरुवारी ते गाडी घेऊन आईकडे गेले होते. ते मला नंतर, घरी येताना जाणवलं.

पोलीसबाईंनी जबाब वाचून दाखवला. अण्णांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला, एके ठिकाणी "उजवीकडे" पडलं होतं तिथे "डावीकडे" करून घेतलं आणि सही केली. उशीर केल्याबद्दल काय होईल असं मी विचारलं. दंड होईल, बाई म्हणाल्या, आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, तोवर गाडी चालवू नका, हे मी तुम्हाला लिहूनच देते. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "स्वतः आलात ते बरं केलंत. आम्ही शोधत आलो असतो तर पळून गेल्याचं कलम लागलं असतं."

ठाण्याच्या पायऱ्यांवर उभं राहूनच मी कंपनीला फोन केला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. या वेळी पलीकडे एक पुरुष होता. मी म्हणाले, मला माझा जबाब दुरुस्त करायचा आहे. त्याने पहिल्यापासून सगळे प्रश्न पुन्हा विचारले. "कुणाला लागलं" तिथे आल्यावर मी विनोद केला नाही.

आईकडे त्या दिवशी आम्ही टॅक्सीने गेलो. अण्णांनी अर्धवट राहिलेली फळं डब्यात भरून आणली होती. ती काळी पडली होती. आईने तरी खाल्ली.

त्या बाईचा पत्ता शनिवारी लागला. पोलिसांनी जवळच्या दवाखान्यांच्या नोंदी पाहिल्या, त्यात मंगळवारी संध्याकाळी मनगटाचं हाड मोडलेली एक बाई होती. कारण लिहिलं होतं, सायकलवरून पडल्या. ती चौकापासून दोन गल्ल्यांवर पार्लर चालवायची. तिने कुणाचीच तक्रार केली नव्हती.

सोमवारी कंपनीच्या दावे विभागातून एका अधिकारीबाईंचा फोन आला. बोलणं गोड, पण मुद्दे घट्ट बांधलेले. आता पुढचा सगळा व्यवहार कंपनी बघेल. समोरच्या पक्षाने पत्र पाठवलं, नोटीस पाठवली, तर उत्तर न देता आमच्याकडे पाठवा. "आणि मॅडम, त्यांच्यासमोर चूक कबूल करायची नाही, भरपाईचं काही आश्वासन द्यायचं नाही. हे तुमच्या करारात आहे."

"तब्येतीची चौकशी करायला गेलो तर चालेल?"

"चौकशी करा की. माणुसकीला कोण नाही म्हणतं. फक्त जबाबदारी कुणाची यावर बोलू नका."

मी हे अण्णांना अक्षरशः पाठ करायला लावलं. कशी आहे तब्येत विचारायचं. लवकर बरं वाटो म्हणायचं. अपघात कसा झाला हा विषय निघाला तर कंपनी बघतेय म्हणायचं. ते मान डोलवत होते. लहानपणी पाहुण्यांसमोर काय बोलायचं नाही हे ते मला असंच पढवायचे.

बुधवारी आम्ही तिच्याकडे गेलो. पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन खुर्च्या, मोठा आरसा, कप्प्यात रंगाच्या डब्या ओळीने. खुर्च्यांवर चादरी टाकल्या होत्या. बाई चाळिशीची, तरतरीत, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिने अण्णांना लगेच ओळखलं.

"या काका, बसा. अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

आम्ही ग्राहकांच्या बाकावर बसलो. अण्णांनी तब्येत विचारली. ती म्हणाली, सहा आठवडे कात्री धरायची नाही. डाव्या हाताने निदान भुवया तरी करता येतील असं वाटलं, म्हणून बहिणीवर प्रयोग केला, तर ती आता डोक्यावरून ओढणी घेऊन फिरतेय. हे सांगून ती स्वतःच हसली. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज चालू होता.

"खरं म्हणजे मीच तुमची माफी मागायला हवी," ती म्हणाली. "घाईत होते. एका नवरीचं सामान आणायचं होतं. माझंच लक्ष नसणार. मीच मध्ये घुसले. मिस्टरही तेच म्हणाले, तुझं लक्षच नसतं. मग मी पोलिसांत वगैरे गेलेच नाही. म्हटलं, उगाच त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास."

मी अण्णांच्या हाताला हात लावला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"तुम्ही मध्ये घुसला नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही सरळ जात होतात. वळत होतो तो मी. मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"अण्णा," मी म्हणाले.

"ती आठ दिवस स्वतःला दोष देतेय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. हसणं गेलं होतं. प्लास्टरचा हात तिने दुसऱ्या हाताने मांडीवर घेतला.

"मी दिसलेच नाही?"

"नाही. चूक तुमची अजिबात नव्हती."

मग आतल्या दाराकडे तोंड करून तिने आवाज दिला, "अहो, टीव्ही बारीक करा जरा. आणि इकडे या."

आतून एक जाडसर गृहस्थ टॉवेलला हात पुसत बाहेर आले.

"काका, आत्ता म्हणालात ते परत सांगा," ती म्हणाली. "यांना ऐकू येईल असं."

अण्णांनी पुन्हा सांगितलं. एकही शब्द न बदलता, जरा मोठ्याने. गृहस्थांनी ऐकलं, बायकोकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि म्हणाले, "चहा टाकतो."

"चार कप," ती म्हणाली.

चहा वाईट झाला होता आणि सगळ्यांनी पुरा प्यायला. निघताना मी तिला दाव्याचा क्रमांक लिहून दिला. तो तिच्या खरोखर कामाचा होता. खबर नोंदली नसती तर तिचा उपचार आणि बुडालेले दिवस यांचं काहीच कुठे मागता आलं नसतं. तिने तो कागद आरशाच्या कोपऱ्यात खोचला.

घरी येऊन मी अधिकारीबाईंना स्वतःहून फोन केला. तोवर मला स्वतःहून कळवायची सवयच लागली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला.

"नेमकं काय म्हणाले ते?"

मी सांगितलं.

"पोलिसांच्या जबाबात हेच आहे?"

"जवळजवळ हेच शब्द."

"मग त्याने फार फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, त्यांना आता कुणाकडे नेऊ नका."

डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली. अण्णांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. समोर छोटे ठिपके उजळायचे, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून काचेतून बघत होते. उजवीकडे ठिपका उजळला की अण्णा चटकन दाबत. डावीकडे उजळला की नुसते बसून राहत, शांत, पुढच्या ठिपक्याची वाट बघत. ठिपका येऊन गेला हे त्यांना कळतच नव्हतं.

काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाल्या, डाव्या बाजूचं दिसणं हळूहळू गेलंय, वर्षदीड वर्षात. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून राहिलेलं टिकवता येईल. समोरचं वाचता येतं, माणसं ओळखता येतात, त्यामुळे रुग्णाला स्वतःला पत्ता लागत नाही. गाडी मात्र बंद.

अण्णांनी लायसन्स टपालाने पाठवायला दिलं नाही. स्वतः कार्यालयात गेले, रांगेत उभे राहिले, खिडकीत दिलं आणि पोच मागितली. कंपनीने आमचा दुरुस्त जबाब ग्राह्य धरला. त्या बाईच्या दाव्याचं काम सुरू झालं. आमचा हप्ता पुढच्या वर्षी वाढणार असं पत्र आलं. पोलिसांचा दंड भरला. दादाने गाडी विकून टाक म्हणून सांगितलं. मी विकली नाही, पण रविवार सोडून ती बाहेरही काढत नाही.

अण्णा आता दोन बस बदलून आईकडे जातात. जायला सव्वा तास, यायला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात ते दोनदा चुकीच्या थांब्यावर उतरले, कारण पाटी डावीकडे असते. आता उतरायचं ठिकाण ते उजवीकडच्या रंगाच्या दुकानावरून ओळखतात. जेवणाची वेळ चुकू नये म्हणून पडायचं सोडून दोनलाच निघतात.

आईला झाला प्रकार सांगायचा की नाही यावर आमचं एकमत होत नव्हतं. तिला सगळं कळतं, फक्त शब्द लवकर सापडत नाहीत. एखादा सापडला की ती तो नीट धरून मग बोलते. एका रविवारी मी गाडीने अण्णांना घेऊन गेले, तेव्हा त्यांनीच विषय काढला. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. बाई, सायकल, खांब, ठाणं, यंत्रातले ठिपके. काही वगळलं नाही. खांबाचं सांगताना थोडे अडखळले.

आई ऐकत होती. तिचा चांगला हात चादरीवर होता. अण्णा थांबल्यावर तिने बराच प्रयत्न केला. ओठ हलत होते. मी पाण्याचा पेला उचलला, तिने मान हलवून नको म्हटलं.

"मी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "नव्हते."

मला अर्थ लागला नाही. अण्णांनी मात्र डोळ्यांवरून हात फिरवला.

"शेजारच्या सीटवर ती बसायची ना," ते मला म्हणाले. "डावीकडे. सारखी ओरडायची. माणूस आला, सायकल आली, जपून, थांबा. पाच मिनिटं गप्प बसायची नाही. मला वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसाच नाही. एकदा तर चिडून म्हणालो होतो, तूच चालव."

आईने मान हलवली. म्हणजे तिला आठवत होतं.

"मग तू कधी बोलली का नाहीस, की मला तिकडचं दिसत नाही?" त्यांनी तिला विचारलं.

ती पुन्हा शब्द शोधायला लागली. आम्ही दोघं थांबलो. तेवढ्यात सिस्टर जेवणाचं ताट घेऊन आली आणि आईने शोधणं सोडून दिलं. अण्णांनी रुमाल तिच्या गळ्याशी खोचला, चमचा उचलला आणि पहिला घास तिच्या ओठांशी नेला.